किडे आहेत का त्याच्या तोंडात? : सव्वातीन वर्षांच्या मुलीची दाताच्या डॉक्टरकडची पहिली वेळ

पोळ्याला चार दिवस उरले होते. मानेवाडा रोडवरच्या माझ्या दवाखान्यात संध्याकाळी एक अख्खं कुटुंब आलं. आई-वडील होते, आजी-आबा होते, आईच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ होतं आणि आबांच्या खांद्यात तोंड खुपसून बसलेली एक मुलगी होती. वय तीन वर्षं चार महिने, वजन १३ किलो. घरी तिला छकुली म्हणतात, मीही तेच लिहिते. कुटुंबाला विचारूनच हे प्रकरण मांडते आहे आणि ओळख पटेल असं बाकी काही ठेवलेलं नाही.

मी लहान मुलांचे दात बघते. वर्षाला अशी कितीतरी मुलं येतात, पण ही मुलगी का लक्षात राहिली ते पुढे येईलच.

तिला दवाखान्यात आणलं आबांनी. आबांची काटोलकडे शेती आहे, थोडा संत्रा, थोडा कापूस आणि एक बैलजोडी. पोळ्यासाठी झूल-घुंगरमाळा घ्यायला ते नागपूरला आले, तर मुलाच्या घरी दोन दिवस राहिले. जेवताना त्यांच्या लक्षात आलं की नात पोळीचा घास गालातून फिरवून उजवीकडेच नेते. आई-वडिलांना हे दिसलं नव्हतं. रोजचं जेवण भरवून उरकण्याच्या घाईत ते दिसतही नाही. आबा मला म्हणाले, "दोन दिवस पाह्यलं जी मी. पोट्टी डाव्या अंगानं चावतच नाही. बैल असा एका बाजूनं चघळाले लागला, तर आम्ही त्याचं तोंड उघडून पाहतो. मंग हिचं काहून नाही पाह्याचं?"

यावर आजींचं म्हणणं वेगळं होतं. "दुधाचेच दात हायेत, पडूनच जातीन. त्याईच्यासाठी कायले इतकी धावपळ?"

हा प्रश्न मला रोज ऐकू येतो आणि तो वेडगळ नाही. दात पडणारच आहे, मग त्यावर पैसा आणि लेकराचं रडणं का खर्च करायचं? म्हणून मी आजींना हिशोब करून दाखवला. छकुलीला आता चौथं वर्ष सुरू आहे. पुढचे दात सहा-सात वर्षांचे होताना हलायला लागतात हे खरं, पण ज्या दाढेनं ती चावत नाही ती दाढ साधारण नऊ ते अकराव्या वर्षी पडते. म्हणजे अजून सहा वर्षं तिला त्याच दाढेनं जेवायचं आहे. ती लवकर गेली तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षी सगळ्यात मागे, काहीही न पडता, एक पक्की दाढ गुपचूप येते. ती दुधाचीच समजून घरोघरी दुर्लक्षित होते. आजींनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते त्या दिवशी बोलल्या नाहीत.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. जन्म पूर्ण दिवसांचा, लसी वेळेवर. हिवाळ्यात खोकल्याचं गोड औषध बऱ्याचदा चालू असतं. सकाळी एकदा ब्रश, तोही मुलगी स्वतःच करते, आई बाजूला उभी असते. पेस्ट स्ट्रॉबेरीच्या वासाची आणि मुद्दाम बिनफ्लोराइडची. आणि रात्री बाटली. दोन वर्षांची होऊन अंगावरचं सुटलं, तेव्हापासून झोपताना बाटलीत दूध आणि त्यात चमचाभर साखर. आईला दुसऱ्या बाळंतपणात फार त्रास झाला, मुलगी आजीजवळ झोपायला लागली, आणि मध्यरात्री उठली की पुन्हा बाटली. दूध संपेपर्यंत ती झोपलेली असायची.

बाटली ऐकल्यावर तोंडात काय दिसेल याचा अंदाज आला होता. झोपेत लाळ कमी सुटते. बाटलीतलं गोड दूध वरच्या पुढच्या दातांच्या मागे-पुढे साचून राहतं. खालच्या पुढच्या दातांवर जीभ झाकणासारखी असते आणि लाळही तिथेच जास्त जमते, म्हणून ते वाचतात. वरचे चार पिवळे-तपकिरी आणि खालचे चार मोत्यासारखे, असं तोंड दिसलं की आधी रात्रीचं विचारावं.

पहिला दिवस

छकुली रडली नाही.

मला त्याच वेळी थांबून विचार करायला हवा होता. सुईला घाबरलेलं मूल माझ्या हातांकडे बघतं, ट्रेकडे बघतं, दाराकडे बघतं. ही मुलगी कशाकडेच बघत नव्हती. तिनं ओठ आत घेऊन मिटले होते आणि वरून स्वतःचा तळहात दाबून धरला होता. खुर्चीवर बसायला तयार, आबांच्या मांडीवर बसायला तयार, माझा छोटा आरसा हातात घ्यायलाही तयार. फक्त तोंड उघडायचं नाही.

आईला वाटलं इंजेक्शनची भीती आहे. घरी "जेवली नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" असं सर्रास म्हटलं जातं, तेही तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. मलाही तेच वाटलं. मी सुई नाही, बघ हात रिकामे, असं दाखवत राहिले. काही उपयोग झाला नाही.

शेवटी आबांनी तिला मांडीवर आडवं घेतलं आणि "ओठ दाखव बरं माय" म्हणत दोन बोटांनी वरचा ओठ हलकेच उचलला. दात मिटलेलेच होते, पण मला पुढचं दिसलं. वरच्या चारही दातांवर हिरडीलगत तपकिरी पट्टा, मधल्या दोघांना खड्डे. सुळ्यांवर खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ. (ओठ उचलून बघणं कोणत्याही घरात महिन्यातून एकदा होऊ शकतं. ही पांढरी रेघ म्हणजे दात पोखरायला लागण्याची पहिली खूण असते, आणि या पायरीवर तो सावरतोही.)

आणि मग मी आईकडे वळून, मुलीच्या डोक्यावरून, म्हणाले, "वरच्या चारही दातांना कीड लागली आहे. बरीच आत गेलीय."

छकुलीनं दुसरा हातही तोंडावर ठेवला. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

त्या दिवशी मी पुढे गेले नाही. वडिलांना ते पटलं नव्हतं. सुट्टी टाकून आले होते. "धरून बघून टाका ना मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे," असं ते म्हणाले. धरून बघता येतं, हे खरंच आहे. दीड-दोन वर्षांच्या बाळाला आम्ही आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतो, बाळाचे पाय आईच्या कमरेभोवती आणि डोकं माझ्या मांडीवर, आणि रडता रडता दोन मिनिटांत तपासून होतं. रडणारं तोंड उघडंच असतं. पण सव्वातीन वर्षांच्या, सगळं समजणाऱ्या, गप्प बसलेल्या मुलीचा जबडा ताकदीनं उघडायचा, तर तसं कारण हवं. मी कारणं तपासली. गाल सुजला आहे का? नाही. ताप? नाही. हिरडीवर पुळी? पुढच्या भागात तरी नाही. रात्री दुखून उठते का? उठते ती दुधासाठी, गालाला हात लावून नाही. गोड खाल्ल्यावर क्षणभर "आई गं" करते, मग विसरते.

यातलं एक जरी उत्तर वेगळं असतं तर मी थांबले नसते. सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी उपचार करावा लागतो. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे जात असेल, गिळायला त्रास होत असेल, तर मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, रात्रीसुद्धा जावं. फार लहान आणि फार खराब तोंड असलेल्या मुलांना पूर्ण भूल देऊनच काम करावं लागतं, त्यात काही कमीपणा नाही. पण छकुलीच्या बाबतीत आठवडाभर थांबण्यात धोका नव्हता. त्या आठवड्यानं पुढची दहा-बारा वर्षं सोपी होणार असतील, तर तो द्यायला हवा. वडिलांना मी हेच सांगितलं.

आमच्याकडे मुलांच्या वागण्याची नोंद ठेवायला फ्रँकल यांची चार पायऱ्यांची पट्टी वापरतात, ती १९६२ पासूनची आहे. अगदी नकारापासून अगदी होकारापर्यंत. त्या दिवशी मी दुसरी पायरी लिहिली, नकार.

घरी करायला थोडंच सांगितलं. दवाखान्याचं नाव काढून धाक घालायचा नाही. "दुखणार नाही" असंही म्हणायचं नाही, कारण लेकरू त्यातलं "दुखणार" तेवढंच ऐकतं. "दात मोजायला जायचं आहे" इतकंच बोलायचं. संध्याकाळऐवजी सकाळी यायचं, झोप झालेली आणि पोटात थोडं गेलेलं असताना. आणि डाव्या बाजूला लवंगेचं तेल लावायचं नाही. आजींनी ते लावून पाहिलं होतं. लहान मुलाची हिरडी त्यानं पोळते.

तान्हा पोळा

पुढची तारीख तान्ह्या पोळ्यानंतर दुसऱ्या दिवशीची होती. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा असतो. लाकडी बैल सजवून मुलं ओढत निघतात, घरोघरी जातात आणि प्रत्येक घरून त्यांना बोजारा मिळतो. पूर्वी तो पैशांचा आणि खाऊचा असायचा, आता बहुतेक चॉकलेटंच.

आईनं फोनवर विचारलं, बोजाऱ्याचं काय करू? मी बंदी घालायला सांगितलं नाही. सणाला एकट्या आपल्याच पोरीची पिशवी रिकामी ठेवायची हे मला जमणारं नाही. दात खराब होण्यात किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे जास्त मोजलं जातं. दर वेळी गोड तोंडात गेलं की पुढे साधारण अर्धा तास दातांवर आंबटपणा राहतो. दिवसभर एकेक चॉकलेट चघळलं तर दाताला सावरायला वेळच मिळत नाही. जेवणानंतर एकदाच, दोन-तीन खाऊ देत, मग पाणी आणि ब्रश. बाकीची पिशवी उद्यासाठी. चिकट टॉफी मात्र काढून टाकायला सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी छकुली आली ती बैल घेऊनच. वीतभर उंचीचा, चार चाकांचा, पाठीवर आईच्या जुन्या ब्लाउजपीसची झूल. आबा पोळा करून गावाहून परत आले होते, फक्त या तारखेसाठी.

मी तिला खुर्चीवर बोलावलंच नाही. जमिनीवर सतरंजी टाकली, बैल मधे ठेवला आणि म्हटलं, "आधी याचे दात मोजू." बैलाच्या तोंडाला सुताराने नुसती एक चीर दिलेली होती. दातच नव्हते. मी पेननं वर-खाली दात काढायला लागले, तर आबांनी थांबवलं. "मॅडम, वरचे नका काढू. बैलाले वर समोरचे दात नसतेच. खाली आठ."

हे मला माहीत असायला हवं होतं आणि नव्हतं. मग आबा रंगातच आले. बाजारात बैल घेताना दात बघूनच वय कसं ठरवतात, दुधाचेच दात असले की तो आदत, पहिली पक्की जोडी आली की दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही पक्के आले की जुळला. "बैलाचेबी दुधाचे दात पडतात बाई," ते नातीला म्हणाले, "तू अजून आदत आहेस." छकुली खुदकन हसली, आणि हसताना तिचं तोंड उघडलं.

आम्ही खाली आठ दात काढले. मी तिच्या हातात आरसा दिला, ती बैलाच्या तोंडापाशी धरून मोजायला लागली. एक, दोन, तीन, पाच. मग थांबली, बैलाच्या कानाशी वाकली आणि अगदी हळू मला विचारलं, "याच्या तोंडात किडे आहेत का?"

मी म्हटलं, "नाहीत. का गं?"

"माझ्या हायेत."

खोलीत कुणी बोललं नाही. मी विचारलं, कुणी सांगितलं. तिनं आजीकडे बोट दाखवलं आणि मग माझ्याकडे. "तोंड उघडलं की बाहेर येतीन."

आठवडाभर ही मुलगी काय घेऊन झोपत असेल याचा विचार आला आणि मला स्वतःचं ते वाक्य आठवलं, तिच्या डोक्यावरून बोललेलं. चारही दातांना कीड. बरीच आत गेलीय. आपण मोठी माणसं "दात किडला" म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर किडा येत नाही, शब्द झिजून गेला आहे. तिच्यासाठी तो झिजलेला नव्हता. भेंडीत असतो, पावसाळ्यात दिव्याभोवती असतो, तोच किडा तिच्या तोंडात होता, डॉक्टरनंही तेच सांगितलं होतं. सुईचा प्रश्न कधी नव्हताच.

मी तिला हाताचा मोठा आरसा दिला आणि म्हटलं, तूच बघ. सापडला एखादा तर मला दाखव. तिनं आधी थोडंसं उघडलं, मग जास्त. गाल बोटानं ओढून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. जीभ उचलून खाली बघितलं. मग आरसा ठेवून म्हणाली, "नाही."

"मग काय आहे?"

"गड्डा."

पावसाळ्यातल्या नागपूरच्या पोरीला गड्डा समजावून सांगावा लागत नाही. रस्त्यावर असतो, त्यात पाणी साचतं, आणि तो बुजवतात. त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात मुलांसमोर "कीड" हा शब्द कुणी काढत नाही. कागदावर लिहिते, बोलताना गड्डा किंवा डाग.

आजी कोपऱ्यात बसल्या होत्या. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल, पण त्यांना त्याहून मोठी गोष्ट सांगायची होती. त्यांनी किडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. लहानपणी गावच्या आठवडी बाजारात एक माणूस यायचा. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी तोंडात घ्यायला लावायचा आणि खाली पाण्याच्या वाटीत पांढरे बारीक किडे पडायचे. आजींच्या आईच्या दाढेतून पडलेले त्यांनी मोजले होते. डोळ्यांनी पाहिलेलं कसं नाकारायचं? मी त्यांना सांगितलं की पाहिलेलं खोटं नव्हतं, पण ते दातातून आलेलं नव्हतं. बी तापून फुटली की आतला पांढरा कोंब बाहेर पडतो, तो किड्यासारखा दिसतो, आणि काही जण तर आधीच वाटीत टाकून ठेवतात. दात पोखरतात ते जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते दातांवरच्या चिकट थरात राहतात, साखर खाऊन आंबट पदार्थ सोडतात, आणि त्या आंबटानं दात विरघळतो. आजींनी विचारलं, "म्हणजे साखर त्याईले खाऊ घालतो आपण?" हो, असंच.

आईच्या दातांवरचे डाग

तोंड उघडलं, तरी पुढचा अडसर आईचा होता. आई यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची. तिच्या वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे आहेत. हसताना ती पदर नाही तर हात तोंडाशी नेते. विदर्भात यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, आणि लहानपणी ते पाणी पिऊन असे पट्टे येतात. तिला हे कॉलेजात असताना कळलं. त्यामुळे लेकीसाठी तिनं शोधून बिनफ्लोराइडची पेस्ट आणली होती, आणि मी फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप, म्हटल्यावर ती ताठ झाली. "मॅडम, ह्याच फ्लोराइडनं माझं तोंड असं केलं."

मी तिला घाईनं समजावलं असतं तर तिनं मान डोलावली असती आणि लावू दिलं नसतं. आम्ही कागदावर आकडे मांडले. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, असं आपलं भारतीय मानक आहे. समजा तिच्या गावच्या पाण्यात ३ होतं. दिवसाला एक लिटर पाणी म्हणजे ३ मिलिग्रॅम, रोज, दात आत घडत असतानाच्या सगळ्या वर्षांत. आता पेस्ट बघा. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम, म्हणजे ग्रॅमला १ मिलिग्रॅम, फ्लोराइड घालता येतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, म्हणजे ग्रॅमचा साधारण दहावा भाग. ती सगळी गिळली तरी ०.१ मिलिग्रॅम. तिच्या लहानपणीच्या एका लिटर पाण्याचा तिसावा हिस्सा. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी चालते, मूल थुंकायला शिकलेलं असतं.

वार्निश पेस्टपेक्षा कितीतरी जहाल असतं हे मी लपवलं नाही. पण ते ब्रशच्या टोकावर येईल इतकंच, दातावर लावलं की लाळेनं चिकटून घट्ट होतं, आणि वर्षातून दोन ते चार वेळाच लावायचं असतं. पट्टे रोजच्या पोटात जाण्यानं येतात.

मग मी उलट विचारलं, घरी पाणी कुठलं? पिण्याला नळाचं, वापरायला बोअरचं. नागपूरचं नळाचं पाणी पेंच आणि कन्हानचं, त्याची या बाबतीत मला काळजी नव्हती. पण उन्हाळ्यात नळ गेला की बोअरचंच पाणी पितात, हे बोलता बोलता निघालं. ते पाणी तपासून घ्यायला सांगितलं. ती काळजी खरी होती आणि तिच्याजागी मी असते तर मलाही वाटली असती.

आईनं पेस्ट बदलली. मला वाटतं, आकड्यांपेक्षा तिच्या भीतीला कुणी खुळी म्हटलं नाही याचा जास्त उपयोग झाला.

काम

उरलेलं लवकर सांगते, कारण खरं काम झालेलं होतं.

आठवड्यानं तिसऱ्या भेटीत वीसच्या वीस दात मोजून झाले. डावी खालची पहिली दाढ दोन दातांच्या फटीत पोखरली होती, अन्न अडकत होतं. उजवीकडच्या तशाच दाढेला वरून छोटा गड्डा. एक्स-रेसाठी वडिलांनी शिशाचा एप्रन घालून फिल्म धरली. पहिला हलला, दुसरा नीट आला. पोखरलेला भाग आणि आतली नस यांमध्ये दाताचा चांगला थर शिल्लक होता. मोठा दिलासा मला तोच होता.

प्रत्येक गोष्ट आधी सांगायची, मग तिच्या नखावर किंवा बैलावर दाखवायची, मग तोंडात करायची. १९५९ पासून आमच्या शास्त्रात हीच रीत शिकवतात. लाळ ओढणारी नळी बैलाचं पाणी पिऊन आली, तेव्हाच तिला तोंडात जाऊ दिली. एकदाच मी चुकले. हवेचा फवारा न दाखवता मारला, आणि लगेच तोंड मिटलं. पुन्हा उघडायला वीस मिनिटं गेली.

उजव्या दाढेवर आणि पुढच्या दातांवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावायचं ठरलं. यानं पोखरणं थांबतं, टोचायचं नाही, कोरायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत हे २०२१ पासून आहे. पण पोखरलेला भाग काळा पडतो, कायमचा. वडील म्हणाले, "काळे दात? पुढच्या वर्षी केजीत जाईल, पोरं चिडवतील." ही हरकत रास्त आहे, आणि आई-वडिलांनी फोटो बघून होकार दिल्याशिवाय मी हे औषध लावत नाही. दोन आठवड्यांनी पुढच्या दोन खड्ड्यांवर ग्लास आयोनोमरचं पांढरं सिमेंट भरू, असं ठरल्यावर ते तयार झाले. सिमेंट तुटू शकतं हेही सांगितलं.

डाव्या दाढेला स्टीलची कॅप. दातांच्या मधे दोन रबरी कड्या पाच दिवस ठेवून जागा केली आणि मग कॅप सिमेंट भरून तशीच दाबून बसवली. भूल नाही, ड्रिल नाही. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या डॉक्टरबाईंच्या नावानं ही पद्धत ओळखतात. जंतू आत कोंडले जातात, त्यांना साखर मिळत नाही. कॅप बसताना दाब येतो, चव घाण लागते, ते मी तिला आधीच सांगितलं होतं. ती रडली, पण तोंड उघडं ठेवून रडली. दोन-चार दिवस दात उंच लागले, मग बसले. चांदीचा दात तिनं सगळ्या आळीला दाखवला. नोंदवहीत त्या दिवशी तिसरी पायरी, होकार.

बाटली सोडवली ती आजींनी. दुधातली साखर आधी बंद, मग दुधात पाणी वाढवत दोन आठवड्यांत नुसतं पाणी, मग बाटलीच नाही. चार रात्री मुलगी खूप रडली. शेजारी झोपायला आजीच होत्या, त्यामुळे ते सगळं त्यांच्यावरच आलं. मी फक्त सांगितलं, त्या जागल्या. आता रात्री ब्रशही आजीच करून देतात, मुलीचं डोकं मांडीवर घेऊन, मागच्या दाढांपासून.

सहा महिन्यांनी

मधे तीन महिन्यांनी एकदा वार्निश झालं. संक्रांतीनंतर छकुली पुन्हा आली. कॅप घट्ट, दोन्ही बाजूंनी जेवते. सुळ्यांवरची पांढरी रेघ एका बाजूची पुसट झाली आहे, दुसऱ्या बाजूची तशीच आहे, तिच्याकडे लक्ष ठेवावं लागेल. पुढच्या एका दातावरचं सिमेंट उडालं आहे आणि खालचा काळा भाग दिसतो. मी पुन्हा भरू का विचारलं. वडील हो म्हणणार होते, तेवढ्यात छकुली म्हणाली, "ते औषध आहे." तूर्त ठेवलं आहे. बोअरचं पाणी मात्र त्यांनी अजून तपासलेलं नाही, मी पुन्हा आठवण दिली.

या खेपेला आईनं आणखी एक जण आणला होता. धाकटा आता अकरा महिन्यांचा आहे. दुखत काहीच नव्हतं, दिसत काहीच नव्हतं. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवा, असं मी सप्टेंबरात म्हटलं होतं, ते तिनं लक्षात ठेवलं. आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. तो जीव खाऊन रडला आणि सगळं तोंड दिसलं. छकुली बाजूला उभी राहून मोजत होती. चार मिनिटांत झालं.

कार्डावर लिहिलं : वय ११ महिने. दात ४, वर दोन, खाली दोन. डाग नाही. रात्री अंगावर पितो, बाटली नाही. ब्रश आजी करते.